हॅनिबलचा चकवा

गुहा म्हटलं की छतातून लोंबणारी चुनखडीची झुंबरं डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या हॅनिबल गावाजवळ, मिसिसिपीकाठच्या टेकडीत मार्क ट्वेन गुहा आहे. तिथे ही झुंबरं फारशी नाहीतच. चुनखडीवर शेल या खडकाचा थर छपरासारखा बसलाय. वरून पाणी ठिबकतच नाही, तर झुंबरं घडणार कशी? आहेत त्या वाटा. अरुंद, उंच, एकमेकींना छेदणाऱ्या आणि दिसायला सगळ्या सारख्या.

हा चकवा पाण्याने रचला. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या या खडकाला पुढे उभ्या भेगा पडल्या, त्यांत भूजल शिरलं. प्रवाह एकाच वाटेने धावला असता, तर एक मोठा बोगदा झाला असता. इथलं किंचित आम्लयुक्त पाणी मात्र असंख्य भेगांत एकाच वेळी संथपणे उभं राहिलं, खडक विरघळवत राहिलं आणि भेगेभेगेची गल्ली झाली.

सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे पुढचा मार्क ट्वेन, याच गावात वाढला. १८७६च्या ‘टॉम सॉयर’मध्ये टॉम आणि बेकी अशाच गुहेत हरवतात, हातातली शेवटची मेणबत्तीही विझते. मग टॉम पतंगाच्या दोरीचं टोक दगडाला बांधून एकेक गल्ली चाचपतो. माझ्या मते या कथानकाचा अर्धा लेखक तो खडकच आहे. सरळ बोगद्यात कोण हरवणार?

गुहेतली सगळ्यात भयंकर गोष्ट मात्र ट्वेनने कादंबरीत घेतलीच नाही. गुहेचे तेव्हाचे मालक डॉ. मॅकडॉवेल हे सेंट लुईसचे शल्यविशारद. त्यांनी स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलीचा मृतदेह तांब्याच्या नळकांड्यात, अल्कोहोलमध्ये बुडवून इथे ठेवला होता. हलक्या वृत्तीचे पर्यटक तिचा चेहरा वर ओढून बघायचे म्हणे, असं ट्वेनने १८८३च्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’त लिहिलंय. मुलांच्या साहसकथेत हे कुठे बसणार!

१८८६पासून इथे वाटाड्यासोबत फेरी निघते. बाहेर उन्हाळा असो की बर्फ, आत साधारण ११ अंश सेल्सिअस. भिंतींवर जुन्या पाहुण्यांच्या हजारो सह्या आहेत, त्यांत ‘क्लेमेन्स’ ही सही लोक कित्येक वर्षं शोधत होते. ती २०१९मध्ये सापडली आणि अभ्यासकांनी हस्ताक्षर ताडून ती ट्वेनचीच ठरवली. नव्या पाहुण्यांना मात्र भिंतीवर नाव लिहायला आता बंदी आहे.