एक मृतदेह, दोन हद्दी

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो शहर यांना जोडणारा ओरेसुंड पूल. रात्रीची वेळ. पुलावरचे दिवे एकदम जातात. थोड्या वेळाने परत येतात, तेव्हा रस्त्यावर एका बाईचा मृतदेह पडलेला असतो. ठेवणाऱ्याने तो मोजूनमापून ठेवलाय. कंबरेच्या वर स्वीडन, कंबरेच्या खाली डेन्मार्क. आता सांगा, हद्द कुणाची?

'हद्दीचा वाद' म्हटलं की आपल्याला दोन पोलीस ठाणी आठवतात. इथे दोन देश आहेत! 2011 मध्ये आलेल्या 'द ब्रिज' या मालिकेची ही सुरुवात. लेखक हान्स रोझेनफेल्ट. स्वीडन आणि डेन्मार्कच्या सरकारी वाहिन्यांनी मिळून ती केली होती, म्हणजे दोन्हीकडच्या प्रेक्षकांना 'ही आपली गोष्ट' असं वाटायला हवं होतं. त्या व्यावहारिक गरजेतून केवढी भन्नाट कल्पना निघाली बघा. दोन देशांचे पोलीस एकत्र आणायचे ना? मग प्रेतच सीमेवर ठेवा.

स्वीडनकडून येते सागा नोरेन, डेन्मार्ककडून मार्टिन रोडे. सागाला खोटं बोलता येत नाही, समोरच्याला बरं वाटावं म्हणून दोन शब्द बोलणंही जमत नाही आणि नियम म्हणजे नियम. ऑफिसात सगळ्यांसमोर टी-शर्ट बदलताना आपण काही वेगळं करतोय हे तिच्या गावीही नसतं. मार्टिन नेमका उलटा. गप्पिष्ट, माणसांत रमणारा, घरी पोराबाळांचा गोतावळा आणि नियमातून वाट काढण्यात पटाईत.

पण हे सगळं आपल्याला कळतं कसं? कुणी येऊन सांगत नाही. पुलावर तपास सुरू असताना एक अँब्युलन्स येऊन थांबते. आत हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण आहे आणि त्याची बायको विनवण्या करतेय, आम्हाला पलीकडे जाऊ द्या. सागा म्हणते, नाही, पुरावे नष्ट होतील. मार्टिन म्हणतो, जा. अँब्युलन्स निघून जाते आणि सागा त्याला तोंडावर सांगते, मी तुझी तक्रार करणार. तिच्या आवाजात राग नाही, धमकी नाही, नुसती माहिती आहे. दोन-चार मिनिटांच्या त्या प्रसंगात ही दोन माणसं आपल्याला आरपार दिसतात. आणि बरोबर कोण? दोघंही! पुरावा जपायलाच हवा आणि माणूस वाचायलाच हवा. दोघांपैकी एकाला चूक ठरवता आलं असतं, तर पुढचं काही बघायची गरजच उरली नसती.

पण मुळात दोन गुप्तहेर कशाला हवेत? एक हुशार माणूस पुरेसा नाही का?

इथेच गुप्तहेरकथा या प्रकाराची खरी गंमत आहे. विचार करणारा माणूस बाहेरून कसा दिसतो? खुर्चीत गप्प बसलेला. सगळी उलथापालथ डोक्याच्या आत चाललेली, आणि आत आपल्याला प्रवेश नाही. 1841 मध्ये एडगर अॅलन पोने ऑगस्ट द्युपँ हा गुप्तहेर जन्माला घातला, तेव्हाच ही अडचण आली असणार. त्याने द्युपँच्या शेजारी एक मित्र बसवला, ज्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. मित्र विचारतो, द्युपँ सांगतो, आणि डोक्यातला विचार ऐकू यायला लागतो! 1887 मध्ये कॉनन डॉयलने होम्सला वॉटसन दिला. ते दोघे एकत्र आले कशामुळे, तर लंडनमध्ये एकट्याला घरभाडं परवडत नव्हतं म्हणून. जगातली सगळ्यात गाजलेली गुप्तहेर-जोडी भाड्याच्या खोल्यांनी जुळवली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी धनंजयबरोबर छोटू दिला.

या सगळ्या जोड्यांत एक शहाणा आणि दुसरा त्याच्याकडे डोळे विस्फारून बघणारा. कागदावर हे शोभतं, कारण गोष्ट सांगायला कुणीतरी लागतंच. टीव्हीवर मात्र गोष्ट कॅमेरा सांगतो. मग नुसतं कौतुक करणारा दुसरा माणूस करणार काय? तो रिकामा बसतो. त्याला काम मिळतं ते एकाच गोष्टीने, मतभेदाने. तो तितकाच हुशार हवा, पण त्याची हुशारी निराळ्या जातीची हवी. साक्षीदाराला बोलतं करायचं ते मार्टिनने आणि बोलण्यातली विसंगती पकडायची ती सागाने. एका डोक्यात चाललेला वाद दोन माणसांत वाटून दिला, की तोच संवाद होतो.

आता पुढचा प्रश्न. एवढं पटत नाही, तर दोघे आपापल्या घरी का जात नाहीत? आणि मालिकेत मार्टिन खरंच जातो! मृत बाई स्वीडनची राजकारणी आहे हे कळल्यावर सागा म्हणते, केस आमची. मार्टिन आनंदाने म्हणतो, घ्या. जोडी जुळण्याआधीच फुटली. मग मृतदेह हलवायला जातात आणि तो कंबरेत दुभंगतो. तपासणीत कळतं, हा एक मृतदेह नाहीच. वरचा अर्धा भाग स्वीडिश राजकारणी बाईचा आणि खालचा अर्धा एका डॅनिश वेश्येचा. दोन बायका, दोन देश, एकच खुनी. आता मार्टिनची सुटका नाही. ज्या मृतदेहाने हद्दीचा प्रश्न निर्माण केला, त्यानेच दोघांना एकत्र बांधून टाकलं. कथेची इतकी घट्ट वीण फार क्वचित बघायला मिळते.

आणि जागा? 1 जुलै 2000 रोजी खुला झालेला हा पूल स्वतःच एक अचंबा आहे. वर मोटारी, खाली रेल्वे, मधले मनोरे 204 मीटर उंच. स्वीडनहून निघून जवळपास 8 किलोमीटर समुद्रावरून जायचं, मग माणसाने बांधलेल्या पेबरहोल्म बेटावरून 4 किलोमीटर, आणि तिथून रस्ता चक्क पाण्याखालच्या बोगद्यात शिरतो. पलीकडेच कोपनहेगनचा विमानतळ आहे, तिथे उंच मनोरे विमानांच्या वाटेत आले असते! हा मार्ग झाल्यावर एका देशात राहायचं आणि दुसऱ्या देशात नोकरीला जायचं, असं हजारो लोकांचं आयुष्य सुरू झालं. मालिकेत सागा स्वीडिश बोलते आणि मार्टिन डॅनिश. मराठी माणसाने कोकणी ऐकावी तसं काहीसं ते ऐकू येत असणार. बरंचसं कळतं आणि ऐन मोक्याचा शब्द निसटतो.

ही कल्पना किती दणकट आहे, हे तिची जागा बदलल्यावर कळलं. 2013 मध्ये अमेरिकेने मृतदेह मेक्सिकोच्या सीमेवर, एल पासो आणि हुआरेस या शहरांमधल्या पुलावर नेऊन ठेवला, आणि गोष्टीत हुआरेसच्या बेपत्ता मुली आल्या. कुणाच्या मरणाची दखल घेतली जाते आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न मूळ मालिकेतही होता. इथे तो टोकदार झाला. त्याच वर्षी ब्रिटन आणि फ्रान्सने 'द टनेल' काढली आणि मृतदेह समुद्राखालच्या बोगद्यात, सीमेवर ठेवला. मग मलेशिया-सिंगापूर झालं, रशिया-एस्टोनिया झालं. प्रत्येक ठिकाणी तोच मृतदेह त्या दोन देशांमधलं वेगळंच दुखणं उघडं करतो.

माझी आवडती मात्र जर्मनी-ऑस्ट्रियाची 'डेर पास', 2019 ची. तिथे पूल नाही, बोगदा नाही. आल्प्सच्या बर्फात, सीमेच्या दगडापाशी मृतदेह आहे. आणि लेखकांनी काय करावं? स्वभावांचीच अदलाबदल केली! जर्मन अधिकारी एली श्टोकर उत्साही, मोकळी, कामावर श्रद्धा असलेली. ऑस्ट्रियन गेडेऑन विंटर पोखरलेला, कशातच रस न उरलेला. सागाही गेली, मार्टिनही गेला, तरी जोडी धावते. म्हणजे चालणारी गोष्ट स्वभावांत नव्हतीच. ती दोन स्वभावांमधल्या अंतरात होती.

आता ज्यांनी 'द ब्रिज' पाहिलेली नाही त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, कारण पुढे शेवट सांगतोय.

पहिल्या पर्वात मार्टिनच्या मुलाचा खून होतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस सागाच्या लक्षात येतं, की तुरुंगातल्या त्या खुन्याला मार्टिनने विष देऊन मारलंय. तोवर तो तिचा एकमेव मित्र झालेला असतो. ती काय करते? तक्रार. पुलावरच्या पहिल्या रात्री जे सहज म्हणाली होती, तेच. स्वभाव तोच, वाक्यही जवळपास तेच, पण पहिल्यांदा आपण हसलो होतो आणि आता घशात आवंढा येतो. जोडीतला विजोडपणा कधीच मिटला नव्हता. आपणच त्याला सरावलो होतो.

मार्टिन तुरुंगात गेल्यावर मालिका संपायला हवी होती. 2015 च्या तिसऱ्या पर्वात नवा जोडीदार आणायचा, तोही लोकांना इतका लाडका झालेल्या माणसाच्या जागी! लेखकांनी आधी आणली हाने थॉमसन ही डॅनिश पोलीस, जी मार्टिनला तुरुंगात धाडणाऱ्या सागाचा मनापासून तिरस्कार करते. एका स्फोटात ती जखमी होते आणि तिच्या जागी येतो हेन्रिक साब्रो. शांत, समजूतदार. घरी बायको आहे, दोन मुली आहेत, तो त्यांच्याशी बोलतो. आणि मग हळूहळू कळतं, की त्या तिघी काही वर्षांपूर्वीच बेपत्ता झाल्यात. घरात फक्त तोच आहे.

ही निवड किती खोल आहे बघा! सागा म्हणजे समोर जे आहे तेवढंच मानणारी. तिच्याशी विजोड माणूस कोण? जो समोर नसलेल्या माणसांबरोबर राहतो तो. मार्टिनची नक्कल करायचा मोह लेखकांनी टाळला आणि सागाच्या स्वभावाची अगदी वेगळी बाजू शोधून तिथे हेन्रिकला उभं केलं. त्याचं दुःख ऐकून तिला कुशीत घेऊन सांत्वन करता येत नाही. पण तिला एक गोष्ट इतर कुणाहूनही चांगली येते, आणि तो नेमकी तीच मागतो: माझ्या मुलींना शोध. चौथ्या पर्वात त्यातली एक जिवंत सापडते.