हेरगिरी सोपी, हूल अवघड

दुसऱ्या महायुद्धावरचा ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा संगणकीय खेळ मी काही वर्षे खेळतो आहे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१६ साली बाजारात आणला. खेळाडूने एक देश निवडायचा, १९३६ किंवा १९३९ पासून त्याचे कारखाने, सैन्य आणि राजकारण चालवायचे आणि जगाच्या नकाशावर युद्ध लढायचे, असे त्याचे स्वरूप. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ला रेझिस्टान्स’ ही पुरवणी आली आणि या खेळात हेर अवतरले. गुप्तहेर खाते उभारता येऊ लागले, परदेशात हेरांचे जाळे विणता येऊ लागले, शत्रूची सांकेतिक लिपी फोडता येऊ लागली. नागरी, भूदल, नौदल आणि हवाई दल अशा चार कप्प्यांत शत्रूची माहिती साठू लागली. फोडलेल्या लिपीचा उघड फायदा उठवला, की काही दिवसांनी ती हातची जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ही त्यातली योजना तर फारच मार्मिक आहे.

पण हे सारे माहिती मिळवण्याचे उपाय झाले. शत्रूला खोटी माहिती पुरवून त्याच्याच हातून चूक घडवून आणायची, तर काय? मराठीत यासाठी ‘हूल देणे’ असा नेमका शब्द आहे. हेरगिरी आणि हूल या एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात, पण त्यांची जात वेगळी. हे मला कळले ते खेळासाठी ‘मॉड’ लिहायला बसलो तेव्हा. मॉड म्हणजे हौशी खेळाडूने मूळ खेळात स्वतः लिहून घातलेली भर.

माझा पहिला प्रयत्न सरळ होता. एक बटण ठेवले. ते दाबले की काही हेर आणि काही साधनसामग्री खर्ची पडे, संगणक मनातल्या मनात फासा टाके आणि दान चांगले पडले तर शत्रूच्या चार-सहा डिव्हिजन भलत्याच किनाऱ्याकडे निघून जात. यंत्रणा बिनचूक चालली, पण खेळताना काहीच वाटेना. कारण उघड होते. यात कोणी फसतच नव्हते. मी किंमत मोजून शत्रूच्या चालीत बिघाड विकत घेत होतो, एवढेच.

मग इतिहासाकडे वळलो. १९४४ साली दोस्तराष्ट्रे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणार, हे जर्मनांना ठाऊक होते. कुठे, ते ठाऊक नव्हते. खाडी सर्वांत अरुंद आहे ती कॅलेपाशी, म्हणून हल्ला तिथेच येईल अशी जर्मन सेनाधिकाऱ्यांपैकी अनेकांची अटकळ होती. ‘ऑपरेशन फॉर्टिट्यूड’ या मोहिमेने ती बदलण्याच्या भानगडीत न पडता तिलाच खतपाणी घातले. इंग्लंडच्या आग्नेय भागात जनरल पॅटनच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड सैन्यगट ‘उभा’ करण्यात आला. त्याचे बिनतारी संदेश हवेत घुमत होते, बंदरांत नकली नौका तरंगत होत्या. आणि या सगळ्याला दुजोरा देत होते ते ब्रिटिशांच्या मुठीतले दुहेरी हेर.

त्यांतला सर्वांत नामांकित म्हणजे हुआन पुजोल हा स्पॅनिश माणूस, टोपणनाव ‘गार्बो’. त्याच्या हाताखाली सत्तावीस हेर काम करतात असा जर्मनांचा समज होता. ते सगळे काल्पनिक होते. ६ जूनला सैन्य नॉर्मंडीत उतरले. ९ जूनला गार्बोने कळवले, की ही केवळ हूल आहे, खरा हल्ला कॅलेवरच येणार. जर्मनांच्या पंधराव्या सेनेचा मोठा भाग त्यानंतरही कित्येक आठवडे कॅलेच्या बाजूलाच अडकून राहिला. गार्बोला पुढे जर्मनांकडून ‘आयर्न क्रॉस’ आणि ब्रिटिशांकडून ‘एम.बी.ई.’ असे दोन्हीकडचे सन्मान मिळाले.

यातून मला तीन गोष्टी हाती लागल्या. एक, खोटे कधी एका घासात भरवायचे नसते; निरनिराळ्या तोंडांतून त्याचे तुकडे पोचवायचे आणि जोडणी शत्रूला करू द्यायची. दोन, शत्रूच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीवरच खोट्याचा पाया घालायचा. तीन, आपले खोटे पचले की नाही हे कळण्याची सोय हवी. ब्रिटिशांना ती ब्लेचली पार्कमध्ये उलगडल्या जाणाऱ्या जर्मन संदेशांतून मिळत होती. म्हणजे हूल यशस्वी व्हायला हेरगिरी लागतेच, पण नुसत्या हेरगिरीतून हूल जन्माला येत नाही. तिला फसणारे मन लागते.

संगणकाच्या खेळात नेमकी इथेच अडचण आहे. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने ‘क्रीग्सश्पील’ हा सैनिकी पटखेळ तयार केला. त्यात दोन खेळाडूंच्या मध्ये एक पंच असे. शत्रूचे सैन्य दृष्टीच्या टप्प्यात आल्याखेरीज त्याचे ठोकळे पंच नकाशावर मांडत नसे. सत्य फक्त त्याला माहीत. संगणकाच्या खेळात मात्र पंच आणि प्रतिस्पर्धी एकच असतो. ज्याच्या स्मरणात प्रत्येक सैनिकाची खरी जागा नोंदलेली आहे, त्याला फसवायचे तरी कसे?

उपाय एकच : त्याला दुसरा नकाशा द्यायचा. प्रत्येक देशासाठी एक ‘समजुतीचा नकाशा’ ठेवायचा, त्यात फक्त बातम्या भरायच्या. बातमी कोणी दिली, किती दिवसांपूर्वी, आधी त्याच्या किती बातम्या खऱ्या ठरल्या, हे प्रत्येकीसोबत नोंदवायचे. प्रतिस्पर्ध्याने निर्णय घ्यायचे ते या नकाशावरूनच.

हे लिहिण्याआधी मी ते कागदावर खेळून पाहिले. एक मित्र शत्रू झाला, दुसरा पंच. पहिल्या डावात मी एकाच दिवशी तीन हेरांकरवी दक्षिणेच्या बंदरावर मोठा हल्ला होणार असल्याची बातमी पाठवली. मित्र हसला. “एवढी मोठी बातमी तिघांना एकाच दिवशी कळली?” त्याने आपले सैन्य उत्तरेला नेले. दुसऱ्या डावात मी कुठेच हल्ल्याचा उल्लेख केला नाही. एका तळावरच्या रजा रद्द झाल्या, कुठे दुभाषे हवेत अशी विचारणा झाली, एका बंदरात मच्छीमारांना बंदी झाली, एवढेच तुकडे सोडले. त्या बंदराची त्याला पहिल्यापासून धास्ती होती. उरलेला हल्ला त्याने स्वतःच रचला.

त्या डावात मी जिंकलो, पण मॉड पुरा करताना एका प्रसंगापाशी बराच काळ थांबलो. जून १९४४ पासून लंडनवर व्ही-१ हे उडते बॉम्ब पडू लागले. रोख शहराच्या मध्यावर होता, पण सरासरीने ते अलीकडे, आग्नेयेला पडत. नेम सुधारावा म्हणून जर्मनांनी आपल्या हेरांना विचारले, बॉम्ब कुठे पडताहेत? ते हेर ब्रिटिशांचेच. तेव्हा बॉम्ब लांब पडताहेत असे भासवायचे, म्हणजे जर्मन पल्ला आणखी कमी करतील, अशी योजना निघाली. दाट वस्तीचा मध्यभाग वाचेल, पण दक्षिणेकडच्या उपनगरांवर अधिक बॉम्ब येतील. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी विरोध केला. कोणी मरायचे हे सरकारने ठरवावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. ही दिशा सुचवणाऱ्यांत शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स होते. त्यांचे आईवडील दक्षिण लंडनमध्ये, डलिचलाच राहत होते.

या प्रसंगाला खेळात गुण किती द्यायचे? मी बरेच आकडे लिहिले आणि खोडले. शेवटी तिथे आकडा ठेवलाच नाही. खेळाडूपुढे फक्त जर्मनांचा प्रश्न येतो, बॉम्ब कुठे पडताहेत? खाली उत्तर लिहायला जागा आहे. बाजूला लंडनचा नकाशा आहे, आणि तो मात्र खरा आहे.