सुविचार फळ्यावरून मनात कसा उतरतो?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत परिपाठाला सुविचार असतो. एक विद्यार्थी तो वाचतो, बाकीचे ऐकतात. मधल्या सुट्टीत विचारून पाहा, फारच थोड्यांना तो आठवतो. मग चांगल्या विचाराची सवय लागते तरी कशी? मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून तपासले आहे, आणि काही उत्तरे आपल्या समजुतीच्या नेमकी उलट निघाली.

कॅनडातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ सालचा अभ्यास पाहा. त्यात 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असे स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायचे होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच चांगले होते, त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांना कमीपणा वाटत होता, त्यांना मात्र अधिकच वाईट वाटले! वाक्य अनुभवाशी जुळले नाही, की मन बहुधा उलट पुरावे गोळा करू लागते. गणितात सतत नापास होणाऱ्या मुलाकडून 'मला गणित उत्तम येते' असे घोकून घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

जालना जिल्ह्यातील शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा वाळल्या. मोसंबीचे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात आणि पाणी नसेल तर ते एका उन्हाळ्यात जाते. ज्या घरात वाळलेल्या बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली, तिथल्या मुलाला 'सगळे छान होईल' म्हणणे ही थट्टाच. पाण्याच्या प्रश्नाला सुविचार हे उत्तर नव्हे.

प्रश्न वेगळाच आहे. संकट आले की मन त्याच त्या विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. ते फिरणे थांबवता येईल का? अमेरिकेतील ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ साली याविषयी प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करण्यापूर्वी काहींनी 'मी' असा शब्द वापरून स्वतःशी बोलायचे, तर काहींनी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधायचे. दुसऱ्या गटाची भाषणे सरस ठरली आणि नंतर मनातल्या मनात कुढणेही कमी झाले. दुसऱ्याची अडचण आपल्याला जशी स्वच्छ दिसते, तशी थोड्या अंतरावरून स्वतःचीही दिसू लागते.

आपल्या कानांना ही रीत अनोळखी नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या २०५ मनाच्या श्लोकांत वारंवार मनालाच हाक मारलेली आहे. त्यांचा हेतू भक्तीचा आणि सदाचरणाचा. त्यात आधुनिक मानसशास्त्र शोधण्याचा अट्टहास नको. पण मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची ही पद्धत मुलांना चटकन समजते. 'मला काहीच येणार नाही' याऐवजी 'सुनील, यातले सोपे उदाहरण कोणते? तिथून सुरुवात कर,' असे मुलाने स्वतःला सांगावे. यात खोटी स्तुती नाही, पुढचे पाऊल आहे.

दुसरा उपाय वहीतला. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी कारणासह लिहिल्या. सहा महिन्यांनंतरही त्यांचे समाधान वाढलेले आढळले. अशा उपायांच्या पुढच्या तपासण्यांत परिणाम लहान दिसला, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. माझ्या मते यातले 'कारण' महत्त्वाचे. 'आज भागाकार जमला, कारण पाढा पाठ होता' असे लिहिताना मूल आपलाच पुरावा तपासत असते.

आणि '२१ दिवसांत सवय' हे ऐकीव गणित सोडून द्या. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या पाहणीत साधी सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा काळ लागेल असे दिसले. मध्यक ६६ दिवस. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. सवय मात्र ठरलेल्या खुणेला बांधलेली हवी. शाळेत ती खूण तयारच आहे: शेवटच्या तासाची घंटा. दप्तर भरण्यापूर्वी दोन मिनिटे, वहीत एक ओळ. ती तपासू नका, गुण देऊ नका.

एखादे मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवत-झोपत नसेल, तर मात्र वहीवर विसंबू नये. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. तो शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावा.