गुलाबी मनोऱ्यात किती ठोकळे?

बालवाडीत तुम्ही गुलाबी मनोरा रचला होता का? दहा लाकडी ठोकळे, सगळे एकाच रंगाचे. सगळ्यात धाकटा १ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. पुढचा २ सेंटिमीटरचा, मग ३ चा, असं करत करत थोरला १० सेंटिमीटरचा. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांची शाळा काढली. हा मनोरा त्यांच्याच शिक्षणपद्धतीतला.

सगळे ठोकळे एकाच रंगाचे का, सांगा बरं? ते रंगीबेरंगी असते तर तीन वर्षांचं पिल्लू रंगांतच रमलं असतं! रंग एकच असला की फरक उरतो फक्त लहान-मोठ्याचा. आणि रचताना चूक झाली तर मोठा ठोकळा लहानावरून बाहेर डोकावतो. मुलाला ते आपलं आपणच दिसतं, कुणी सांगावं लागत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

आता तुमच्यासाठी प्रश्न. थोरल्या ठोकळ्यात धाकटे किती मावतील? दहा? थांबा. एका ओळीत दहा, अशा दहा ओळी म्हणजे एका थरात १००. आणि थर पुन्हा दहा. म्हणजे तब्बल १०००! दोन्ही एकाच लाकडाचे आणि भरीव असतील, तर वजनही हजारपट.

पण खरी जादू पुढेच आहे. समजा, अख्खा मनोरा कापून त्याचे १ सेंटिमीटरचे तुकडे केले. (मनातल्या मनात हं, खरी करवत नको!) १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९ आणि १०००. बेरीज ३०२५. मनोऱ्याची उंची किती? १ ते १० ची बेरीज, म्हणजे ५५ सेंटिमीटर. आता ५५ ला ५५ ने गुणा. ३०२५! म्हणजे ते सगळे तुकडे जमिनीवर एकेरी थरात मांडले, तर बरोबर चौरस होतो आणि त्याची बाजू मनोऱ्याच्या उंचीएवढी. एक तुकडा कमी नाही, एक जास्त नाही. आर्यभटांनी हा नियम सुमारे १५०० वर्षांपूर्वी ‘आर्यभटीय’ ग्रंथात सांगून ठेवला आहे.

असं का होतं, ते चौकटीच्या कागदावर बघू. १ आणि २ चे ठोकळे मिळून ९ तुकडे, म्हणजे ३ × ३ चा चौरस. तो कागदाच्या कोपऱ्यात काढा. आता ३ चा ठोकळा घ्या. त्याचे तीन थर, प्रत्येक थर ३ × ३ चा. एक थर चौरसाच्या उजवीकडे, एक खाली, आणि एक मधल्या रिकाम्या कोपऱ्यात. झाला की ६ × ६ चा चौरस!

पुढे ४ चा ठोकळा. त्याचे चार थर, प्रत्येक ४ × ४ चा. एक कोपऱ्यात, एक उजवीकडे, एक खाली. पण बाजू आहे ६ ची, त्यामुळे उजवीकडे आणि खाली दोन-दोन चौकटींची फट राहते. हातात उरलाय एकच थर. कात्री घ्या. तो कुठे कापाल?