घाट उतरताना

आमच्या आंधळगावात 'घाट' म्हटला की डोळ्यांपुढे पायऱ्या येतात, वळणे नव्हेत. भंडारा हा तलावांचा जिल्हा. भातशेतीतून जाणारे आमचे रस्ते बहुधा सपाट, आणि मोटारसायकलला लागणारा मोठ्यात मोठा उतार म्हणजे तलावाच्या पाळीचा. त्या उतारावर मामांनी मला एक युक्ती शिकवली होती : गाडी न्यूट्रल करावी, इंजिन बंद करावे, तेवढेच पेट्रोल वाचते. मामांजवळ एके काळी जावा होती. त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द आमच्या घरी प्रमाण!

गेल्या हिवाळ्यात मावसभावाच्या नव्या 'क्लासिक ३५०'वरून आम्ही दोघे चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा ही विद्या माझ्याबरोबर होतीच. तिचे पुढे काय झाले हे सांगण्यापूर्वी गाडीविषयी थोडेसे.

ही गाडी दिसते जुनी, असते नवी. गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, ऐसपैस सीट. सारा थाट जुन्या बुलेटचा. बुलेट मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागली. इंग्लंडमधल्या मूळ कंपनीचे उत्पादन १९७० मध्ये थांबले, मद्रासचे चालूच राहिले. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पण 'जावा' हे नाव २०१८ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले. लोकांना जुने रूप हवे असते. आतले इंजिन, डिस्क ब्रेक आणि चाक जागीच अडकू न देणारी एबीएस यंत्रणा मात्र आजची असते.

परतवाडा सोडले की सातपुड्याची चढण सुरू होते. वळणावर गाडी आत कलवावी लागते. किती, ते वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरते. वेग दुप्पट केला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. दहा मीटर त्रिज्येचे वळण ताशी २० किलोमीटरने घेतले तर सुमारे १७ अंशांचा कल पुरतो. तेच ४० ने घ्यायचे म्हटले तर ५० अंशांहून अधिक कल हवा. तेवढ्यात पायदान रस्त्याला घासेल आणि टायरही पकड सोडेल. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नव्हे. आणि नजर दरीकडे न ठेवता रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे ठेवायची. गाडी नजरेमागे जाते.

चढताना हे सारे नीट जमले. परतताना मी मामांची युक्ती काढली. न्यूट्रल केले, इंजिन बंद केले. झाडांतून वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. फार छान वाटले. पाच-सहा वळणांनंतर जळका वास आला. पुढच्या वळणावर मागच्या ब्रेकचे पेडल दाबले, तर ते नुसतेच खाली गेले! पुढच्या ब्रेकने, कठड्यापासून हातभर अंतरावर, गाडी कशीबशी थांबली. मागे बसलेला दादा बराच वेळ बोललाच नाही.

झाले होते ते असे. गाडी १९५ किलोची. आम्ही दोघे आणि सामान धरून सव्वातीनशे. एवढे वजन सातशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने साधारण साडेसहा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असली की चाकेच इंजिनाला फिरवतात, बंद थ्रॉटलपुढे इंजिन हवा ओढताना अडते आणि पुष्कळसा भार तेच घेते. न्यूट्रलमध्ये जवळजवळ सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेकमधले तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पेडल मग तेलाऐवजी वाफ दाबत बसते.

खाली चहाच्या टपरीवर एस.टी.चे एक चालक बसले होते. सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढले, त्याच गिअरमध्ये उतरा ना बाप्पा! पेट्रोल वाचवून कोणाले देता?"

मामांचेही अगदीच चुकले नव्हते. जावा टू-स्ट्रोक, तिला वंगण पेट्रोलमधूनच मिळे. लांब उतारावर गिअर ठेवून थ्रॉटल बंद केला तर वंगण तुटायचे, आणि इंजिन गाडीला फारसे आवरायचेही नाही. त्या काळच्या त्या गाडीला, पाळीच्या उतारावर, ती युक्ती चालून गेली. आम्ही जुन्या रूपाबरोबर जुनी सवयही नव्या गाडीवर चढवली, आणि सवय काही टाकीवरच्या रंगासारखी निरुपद्रवी नसते.

घरी आल्यावर भीत भीत मामांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पाणी किती लिटर म्हणालास?"