समोरचा ट्रक कारचा सिग्नलही अडवतो, तो कसा?

तुमच्या पुढे ट्रक आहे. ट्रकच्या पुढच्या कारने अचानक ब्रेक मारला, तर तुम्हाला कळणार कसं? यासाठीच 'व्हेईकल टू व्हेईकल' म्हणजे व्हीटूव्ही तंत्रज्ञान आहे. गाड्या आपलं ठिकाण, वेग आणि ब्रेकची माहिती सेकंदाला साधारण १० वेळा रेडिओवरून एकमेकींना पाठवतात. गोची अशी की, जो ट्रक तुमची नजर अडवतो, तोच हा सिग्नलही अडवतो.

व्हीटूव्ही ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. तिथे रेडिओ लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटीमीटर. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची असते, ती अडथळ्याला बऱ्यापैकी वळसा घालते. ५ सेंटीमीटरच्या लहरीला ते तितकं जमत नाही; ट्रकमागे तिची सावलीच पडते. त्यात कारचा अँटेना जमिनीपासून दीडेक मीटरवर. जवळच्या दोन कारमध्ये मोठं वाहन आलं, तर सिग्नल २० डेसिबलने घटू शकतो. म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग उरतो!

मोकळ्या हवेतही अंतर दुप्पट झालं की शक्ती पाव होते. ही घट मात्र आधीच हिशेबात धरता येते. ट्रक कधी मध्ये येईल, ते कोण सांगणार? ताशी १०० किलोमीटर वेगात सलग ५ संदेश हुकले, तर तोवर गाडी सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते.

यावर एक सोपा उपाय ट्रकच्याच टपावर आहे. तिथे अँटेना बसवला, तर उंचीमुळे तो दोन्हीकडच्या कारना 'दिसतो' आणि पुढचा संदेश मागे पोहोचवू शकतो. त्यामुळे ही यंत्रणा फक्त महागड्या कारमध्ये देऊन भागणार नाही, ती ट्रकमध्ये आधी हवी.