कावेरीकाठचा वाटाड्या

नदीशी माणसाचा संबंध अनेक प्रकारांनी येतो. यात्रेकरू तिच्यात स्नान करतो, शेतकरी तिचे पाणी पाटाने शेतात नेतो, अभियंता तिला बांध घालून तिच्यापासून वीज काढतो. परंतु पाण्याखाली काय चालले आहे हे ज्याला केवळ पाण्याकडे पाहून सांगता येते, असा माणूस कोणत्याही नदीकाठी विरळाच. कर्नाटकात शिवनसमुद्राच्या धबधब्याखाली कावेरी जेथे डोंगरांच्या कुशीत शिरते, तेथे भीमेश्वरी, गालीबोरे आणि संगम ह्या ठिकाणांच्या आसपास अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. गळाने मासे धरण्याच्या शौकाने दूरदेशांहून येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखविणे हा त्यांच्यापैकी काहींचा व्यवसाय झाला. इंग्रज शौकिनांनी त्यांना स्कॉटलंडमधून आणलेले ‘गिली’ हे नाव दिले. मराठीत त्यांना वाटाडे म्हणावयास हरकत नाही; मात्र ही वाट जमिनीवरची नसून पाण्यातली आहे.

ह्या वाटाड्याचे महत्त्व कळावयाचे, तर आधी त्या पाण्यातील माशाची ओळख करून घेतली पाहिजे. हा मासा म्हणजे महसीर. हिमालयापासून दक्षिणेपर्यंत त्याच्या अनेक जाती आढळतात. परंतु कावेरीचा महसीर निराळा. त्याच्या पाठीला डोक्यामागे उंच वशिंड असते आणि त्याचे पर नारिंगी रंगाचे असतात. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका शौकिनाने कावेरीची उपनदी जी काबिनी, तिच्यात धरलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा भरला होता. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या वजनाचा हा मासा. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, आणि त्यांनी तो खेकड्याचे कवच सहज चिरडतो. गळ लागताच तो प्रवाहाबरोबर जी धाव घेतो, तिच्यापुढे भल्याभल्या शौकिनांची मती गुंग होते.

वाटाड्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. नाचणीचे पीठ घट्ट मळून त्याचे गोळे पाण्यात उकडावयाचे, हे पहिले काम. हेच महसीराचे आमिष. गोळा फार मऊ झाला तर प्रवाहात विरघळतो, फार कठीण झाला तर गळाचे टोक माशाच्या ओठात शिरत नाही. हे मान बोटांनाच कळते. ते तोंडाने सांगून शिकविता येत नाही. त्यानंतर पाण्याची परीक्षा. वरच्या बाजूस कृष्णराजसागराचे धरण आहे आणि शिवनसमुद्रास १९०२ पासून वीज निर्माण होत आली आहे. त्यामुळे पावसाचा थेंब नसतानाही ह्या पट्ट्यात पाणी चढते आणि उतरते. रात्री खुणेच्या खडकावर पाणी कोठपर्यंत होते आणि पहाटे ते कोठे आले, एवढ्यावरून मासा डोहात असेल की खळाळाच्या तोंडाशी, हे वाटाडा ठरवितो. पाहुण्याला जेथे केवळ फेस दिसतो, तेथे त्याला खाली दडलेला कातळ, त्याच्या आडोशाचे संथ पाणी आणि त्या पाण्यात वाट पाहणारा मासा दिसत असतो.

मासा गळाला लागला की वाटाड्याचे खरे काम सुरू होते. दोरा तळाच्या खडकांत अडकतो. तो सोडविण्यासाठी टोपलीसारख्या वाटोळ्या होडीतून भर प्रवाहात जावे लागते. वेळूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पूर्वी कातडे मढवीत, पुढे डांबर लावलेले जाड कापड अथवा प्लॅस्टिक आले. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. ह्या होडीला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. वल्हे जरा चुकले की ती स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागते. त्यातच ह्या पाण्यात मगरी आहेत आणि काठच्या रानात हत्ती. शेवटी मासा थकून काठाशी येतो. त्याची लांबी आणि घेर मोजतात, वजन ठरवितात, आणि मग वाटाडा त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनी पाण्यात तोलून धरतो. कल्ले पुन्हा नीट हलू लागले, शेपटीत बळ आले, की हात सैल सोडावयाचे आणि मासा आपल्या डोहात परत जावयाचा.

मासा सोडून देण्याची ही रीत ह्या काठाला जुनी नाही. स्वातंत्र्यानंतर गळाचा शौक ओसरला, जाळी आणि सुरुंगाची दारू यांनी डोह उपसले जाऊ लागले, आणि मोठा महसीर संपला असेच पुष्कळांना वाटू लागले. १९७७ साली इंग्लंडहून आलेल्या तिघा तरुणांना तो येथे पुन्हा सापडला. त्यानंतर दक्षिण भारतातील वन्यजीव संस्थेने नदीचा काही भाग राखण्यास घेतला आणि कर्नाटक सरकारच्या कंपनीने भीमेश्वरीस छावणी उभारली. आता प्रश्न होता रखवालीचा. नदी राखावयाची, तर तिचा प्रत्येक डोह ठाऊक असणारी माणसे हवीत. आणि अशी माणसे म्हणजे बहुधा चोरून मासे मारणारीच होती. त्यांनाच पगार देऊन रखवालदार आणि वाटाडे नेमण्यात आले. कालपर्यंत जो डोह उपसावयाचा, तोच आता राखावयाचा. ज्ञान तेच राहिले. त्याचा धनी बदलला. मेलेला मासा एका दिवसाचे पोट भरतो, जिवंत मासा पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणा आणतो, हा हिशेब ह्या माणसांना कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज पडली नाही.

ह्या छावण्यांत धरलेल्या माशांची नोंद ठेवीत. गालीबोरेच्या १९९८ ते २०१२ ह्या काळातील नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या. २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महसीर धरून सोडलेले त्यांत आढळले. सर्वांत मोठा ४६.८ किलोंचा होता. वर्षागणिक माशांची संख्या वाढत होती. वरवर पाहता रखवाली सफल झाली होती. परंतु माशांचे सरासरी वजन मात्र घटत चालले होते. वाढत होता तो निळसर परांचा महसीर. नारिंगी परांचा, वशिंडाचा कावेरीचा मूळ धनी झपाट्याने विरळ होत होता, आणि त्याची पिल्ले तर क्वचितच दिसत होती.

ह्या निळ्या परांच्या माशाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. १८३९ साली साईक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून ह्या जातीचे वर्णन केले आणि तिला ‘खुद्री’ हे नाव मिळाले. १९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्याच्या टाटा मत्स्यबीज केंद्रात तिची कृत्रिम पैदास यशस्वी झाली, आणि महसीर वाचावा ह्या सद्‌हेतूने तिची पिल्ले देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली. कावेरीही त्यांत होती. महसीर म्हणजे महसीर, मग तो कोठलाही असो, अशी तेव्हाची समजूत. कावेरीच्या माशाला तर तोपर्यंत शास्त्रात स्वतःचे नक्की नावही नव्हते. केरळातील पांबार ह्या उपनदीत २००७ साली वर्णिलेली ‘टॉर रेमादेवी’ ही जात म्हणजेच तो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. आणि नाव मिळाले त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला.

दरम्यान नदीकाठचे चित्र पालटले होते. हा पट्टा कावेरी अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात गळ टाकणे ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकारच, असा अर्थ लावला गेला. २०१२ पर्यंत तेथील गळ थांबले. ह्या निर्णयात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. सोडून दिलेल्या माशालाही गळाची जखम होते, आणि अभयारण्यात एका प्राण्याला अभय व दुसऱ्याला गळ, हा न्याय कायद्याला मानवणे कठीण. परंतु गळाबरोबर वाटाड्याचे रोजचे नदीवरचे पाऊलही थांबले, आणि त्याबरोबर ती नोंदवहीही. रात्री डोहाशी सुरुंगाचा आवाज झाला, तर तो ऐकण्यास तेथे कोणी असावे लागते. पुढे मेकेदाटूच्या नियोजित धरणाची चर्चा सुरू झाली. ते झाले तर हा वाहता पट्टाच जलाशयाखाली जाण्याचा संभव आहे.

वाटाड्याला शास्त्रीय नावे ठाऊक नसतात. त्याला पर कोणत्या रंगाचे आहेत एवढे दिसते आणि बापाच्या वेळी ते कोणत्या रंगाचे असत हे आठवते. नदीचे पाणी तपासावयास यंत्रे आहेत, माशाची जात ठरवावयास प्रयोगशाळा आहेत. परंतु चाळीस वर्षे एकाच खडकावर बसून एकाच डोहाकडे पाहिलेली नजर दुसरीकडून आणता येत नाही. त्या नजरेला पगार, मान आणि नदीकाठी बसण्याचा अधिकार, ह्यांपैकी काहीतरी द्यावेच लागेल. कावेरीचा तो वशिंडाचा मासा अजून उरला असेल, तर त्याला पाहून ओळखणारा माणूसही काठावर उरला पाहिजे.